अर्ध्या कागदावरचा निवाडा

बायपास शस्त्रक्रियेने माणसाचे आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही, हे अमेरिकेतल्या संशोधनाने केव्हाच सिद्ध केले आहे, असे अत्यंत शांत आणि किंचित दयार्द्र स्वरात सांगणारे गृहस्थ हल्ली लग्नाच्या मांडवात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत आणि थेट रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहातसुद्धा भेटतात. त्यांचा स्वर शांत असतो, कारण छाती दुसऱ्याची असते. ज्याच्या अँजिओग्राफीत कालच तीन ब्लॉक निघाले आहेत असा मनुष्य समोर बसलेला असतो, त्याची पत्नी फाईल आणि सीडी मांडीवर घेऊन शेजारी असते, आणि हे गृहस्थ त्या दोघांना समजावीत असतात की घाई करू नका, गोळ्या घेणारे आणि छाती फाडून घेणारे सारखेच जगतात, बाकी सगळा धंदा आहे. शस्त्रक्रियेच्या निव्वळ भीतीने कोणी मागे सरला तर त्यात मला काही वावगे वाटत नाही. छातीचे हाड मधोमध कापले जाणार हे ऐकून ज्याला भीती वाटत नाही त्याच्याविषयीच शंका घ्यावी. परंतु स्वतःच्या भीतीला संशोधनाचा दाखला जोडून ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे हा निराळा प्रकार आहे, आणि त्याचा समाचार घेणे मला भाग वाटते.

मागाहून विपर्यासाची तक्रार नको म्हणून प्रतिपक्षाची कैफियत आधी पुरत्या जोराने मांडतो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी केली आणि १९७७ साली निकाल प्रसिद्ध केला: तीन वर्षांनी औषधांवर ठेवलेल्यांपैकी ८७ टक्के हयात, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८८ टक्के. पुढे २०२० साली ‘इस्केमिया’ नावाच्या, ३७ देशांत ५,१७९ रुग्णांवर झालेल्या परीक्षेचा निकाल आला: एकीकडे १४५ मृत्यू, दुसरीकडे १४४. मग इतक्या वर्षांत या शस्त्रक्रियेने साधले काय? छातीतली कळ थांबते ती मनाच्या समाधानाने. हृदय थांबवून यंत्रावर ठेवल्याने मेंदू अधू होतो. पायातून काढून जोडलेल्या शिरा दहा वर्षांत बुजतात. आणि हे सारे ठाऊक असूनही शल्यविशारद सुरी उचलतात, कारण सुरीला पैसा आहे. कैफियत ऐकायला भक्कम आहे. तिच्यातले आकडेही खरे आहेत. खोटे आहे ते त्या आकड्यांकडून वदवून घेतलेले.

प्रथम तो १९७७ चा कागद. ८७ आणि ८८ हे आकडे ज्या ५९६ रुग्णांचे आहेत, त्यांच्यातून डाव्या मुख्य रोहिणीत, म्हणजे डॉक्टर मंडळी जिला लेफ्ट मेन म्हणतात तिच्यात, मोठा अडथळा असलेले रुग्ण आधीच बाजूला काढलेले होते. ते का काढले होते, हे आमच्या गृहस्थांनी कधी विचारले आहे काय? त्या रुग्णांचा निकाल त्याच संशोधकांनी १९७६ सालीच जाहीर केला होता, आणि त्यात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण औषधांवरच्या रुग्णांपेक्षा उघडउघड अधिक जगत होते. म्हणजे ज्यांना लाभ झाला त्यांचा हिशेब वेगळ्या पानावर, उरलेल्यांचा या पानावर, आणि हे दुसरे पान तेवढे फडकावून सांगायचे की लाभ कोणालाच झाला नाही. शिवाय ती शस्त्रक्रिया कोणत्या काळातली? रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने क्लीव्हलँडमध्ये पायाची शीर वापरून ही पद्धत १९६७ साली रूढ केली, आणि या परीक्षेतले रुग्ण १९७२ ते १९७४ या काळात घेतलेले. हात अजून बसलेले नव्हते. शंभरातले साडेपाचांहून अधिक रुग्ण पहिल्या महिन्यातच दगावले, आणि वर्षभराने तपासल्या तेव्हा जोडलेल्या शिरांपैकी ६९ टक्केच वाहत्या होत्या. इतक्या अपुऱ्या कौशल्याने केलेली शस्त्रक्रिया, आणि मुदत अवघी तीन वर्षे! सुरुवातीलाच एवढे देणे देऊन बसलेल्या शस्त्रक्रियेने ते तीन वर्षांत फेडून वर शिल्लक दाखवावी, अशी अपेक्षा ठेवणाराला या शस्त्रक्रियेचे स्वरूपच कळलेले नाही. तिची किंमत पहिल्या दिवशी रोख मोजावी लागते आणि तिचा लाभ पुढली अनेक वर्षे हप्त्याहप्त्याने मिळतो.

यापुढची गोष्ट सूक्ष्म आहे, आणि सारा घोळ तिथेच होत असल्यामुळे तिच्यावर थोडे थांबावे लागेल. अशा परीक्षेत ज्याच्या चिठ्ठीवर औषध निघाले तो शेवटपर्यंत औषधाच्याच गटात मोजला जातो. समजा, असा एक मनुष्य गोळ्या घेत राहिला, चौथ्या वर्षी त्याची छाती जिना चढताना आवळू लागली, डॉक्टरांनी त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले, आणि तो पुढे पंधरा वर्षे नातवंडे खेळवीत जगला. ही पंधरा वर्षे कोणाच्या खात्यावर जमा होतात? गोळ्यांच्या. नियम म्हणून हे योग्यच आहे. तसे न केले तर प्रकृतीने धडधाकट रुग्ण निवडून शस्त्रक्रियेकडे वळवता येतील आणि परीक्षेचा सगळा निःपक्षपातीपणा जाईल. पण नियम योग्य असला तरी त्यातून निघालेल्या उत्तराचा अर्थ नीट लावला पाहिजे. अशा परीक्षेत तुलना होते ती ‘आज शस्त्रक्रिया’ आणि ‘आज गोळ्या, पुढे लागली तर शस्त्रक्रिया’ या दोन धोरणांची. ‘शस्त्रक्रिया’ विरुद्ध ‘कधीच शस्त्रक्रिया नाही’ अशी तुलना कोणीही केलेली नाही. केरळात जन्मलेले सलीम युसूफ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली अशा सात परीक्षांतल्या २,६४९ रुग्णांचे दफ्तर एकत्र मांडले, तेव्हा दिसले की औषधाच्या गटातील ४१ टक्के रुग्णांनी दहा वर्षांच्या आत बायपास करून घेतलेली होती. आणि इतके जण एका गटातून उठून दुसऱ्या गटाचा उपचार घेऊन आले असतानाही, पाच वर्षांनी मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात १०.२ टक्के आणि औषधाच्या गटात १५.८ टक्के होते. दहा वर्षांनी २६.४ आणि ३०.५. दहाव्या वर्षी अंतर कमी का झाले, याचे उत्तर त्या ४१ टक्क्यांत बऱ्याच अंशी आहे. आमचे गृहस्थ मात्र तेवढेच अंतर बोटाने दाखवून म्हणतात, पाहा, फरक विरत चालला!

त्याच दफ्तरात आणखी एक गोष्ट होती, आणि ती सर्वांत महत्त्वाची. लाभ सर्वांना सारखा झालेला नव्हता. लेफ्ट मेनच्या रुग्णांत मृत्यूचा धोका शस्त्रक्रियेने सुमारे एक तृतीयांशावर आला. तीन रोहिण्या रोगग्रस्त असलेल्यांत लाभ स्पष्ट होता. आणि ज्यांचा रोग एखाद्या रोहिणीपुरता होता त्यांच्यात तो नावालाच होता. या सगळ्यांची एक सरासरी काढून ती लेफ्ट मेनच्या रुग्णाला ऐकवणे म्हणजे महाबळेश्वर आणि म्हसवड या दोन्ही गावांच्या पावसाची सरासरी काढून म्हसवडच्या शेतकऱ्याला सांगणे की, बाबा, तुझ्या जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. सरासरी खोटी नसते. ती कोणाची तरी असते, एवढेच. आणि बहुधा ती समोर बसलेल्या माणसाची नसते.

मुदतीचा मुद्दा काल्पनिक वाटत असेल तर ‘स्टिच’ या परीक्षेचा इतिहास पाहावा. रोहिण्यांच्या रोगाने ज्यांचे हृदय दुबळे झाले आहे, म्हणजे एका आकुंचनात डावा कप्पा आपल्यातले ३५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्त बाहेर ढकलतो, अशा १,२१२ रुग्णांची त्यात चिठ्ठ्यांनी वाटणी झाली होती. निकाल २०११ साली जाहीर झाला: सुमारे पाच वर्षांत औषधांवरचे ४१ टक्के मरण पावले होते, बायपास झालेले ३६ टक्के, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका होता. झाले! ‘दुबळ्या हृदयाला बायपासचा उपयोग नाही’ असा डंका वाजला. संशोधक मात्र दुकान बंद करून घरी गेले नाहीत. त्यांनी त्याच रुग्णांची हजेरी पुढे घेत नेली, आणि २०१६ साली दहा वर्षांचा हिशेब मांडला. औषधांच्या गटात ६६.१ टक्के मृत्यू, बायपासच्या गटात ५८.९, आणि आता तो फरक योगायोगाच्या खात्यावर टाकता येण्यासारखा राहिला नव्हता. रुग्ण तेच, चिठ्ठ्या त्याच, गोळ्याही आधुनिक. बदलली ती फक्त वाट पाहण्याची तयारी. २०११ चा निकाल पाठ असलेले आणि २०१६ चा कानावरही न आलेले लोक मला भेटले आहेत, आणि त्यांतले काही पदवीने डॉक्टर आहेत.

आता ‘इस्केमिया’, जिचा हवाला सध्या सर्वांत अधिक दिला जातो. ही परीक्षा उत्तम होती, आणि तिने बऱ्याच अनावश्यक घाईगर्दीला चाप लावला, हे मी आनंदाने मान्य करतो. पण तिच्या दारावर कोणाला अडवले होते ते वाचा. ज्यांच्या लेफ्ट मेनमध्ये निम्मा किंवा त्याहून अधिक अडथळा, त्यांना प्रवेश नाही. ज्यांचे हृदय फारच दुबळे, त्यांना नाही. ज्यांना नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला, त्यांना नाही. ज्यांची छातीतली कळ औषधांनीही सोसवेना, त्यांनाही नाही. म्हणजे बायपासने ज्यांचा जीव वाचतो असे आधीच्या संशोधनाने दाखवले, त्यांतल्या बहुतेकांना दाराबाहेर ठेवून, उरलेल्या स्थिर प्रकृतीच्या लोकांना विचारले गेले की, आधी गोळ्या की आधी हस्तक्षेप? प्रश्न रास्त होता, आणि उत्तरही रास्त आले. त्यातही हस्तक्षेपाच्या गटात ज्यांच्या रोहिण्या प्रत्यक्ष दुरुस्त झाल्या, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना स्टेंट बसवले होते. बायपास झाली ती एका चतुर्थांशाची. आणि पाठपुरावा तीन वर्षांहून थोडाच अधिक. स्टेंटची बहुसंख्या असलेल्या, स्थिर रोगाच्या, अल्प मुदतीच्या परीक्षेवरून बायपासला फाशीची शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाला काय म्हणावे? साक्षीदार दुसऱ्याच खटल्यातला आहे, महाराज!

स्टेंट आणि बायपास यांची समोरासमोर गाठ घालूनही पाहिली आहे. मधुमेह असून एकाहून अधिक रोहिण्या रोगग्रस्त असलेल्या १,९०० रुग्णांवरची ‘फ्रीडम’ ही परीक्षा २०१२ साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षांत स्टेंटच्या गटात १६.३ टक्के मृत्यू, बायपासच्या गटात १०.९. पक्षाघाताचे प्रमाण मात्र बायपासमध्ये अधिक होते, २.४ विरुद्ध ५.२, आणि ही किंमत रुग्णाला आधीच सांगितली पाहिजे. ज्या महाराष्ट्रात चहाच्या पहिल्या घोटाआधी मधुमेहाची गोळी घेणारी माणसे घरोघरी आहेत, तिथे हे आकडे कोणी लग्नाच्या मांडवात का सांगत नाही?

मनाच्या समाधानाचा आक्षेप त्यातल्या त्यात बुद्धिमान आहे. त्याला आधारही खरा आहे: १९५०च्या दशकात छातीतील एका रोहिणीची नुसती गाठ मारून हृदयशूळ बरा करण्याची शस्त्रक्रिया फार गाजली होती, आणि रुग्ण शपथेवर सांगत की आपण बरे झालो. मग १९५९ साली १७ रुग्णांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काहींची रोहिणी बांधली, काहींची फक्त कातडी कापून शिवली, आणि कोणावर काय केले हे रुग्णाला सांगितले नाही. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला आणि ती शस्त्रक्रिया नाहीशी झाली. पण समाधानाने कळ थांबते, म्हणून समाधानाने मृत्यूही दहा वर्षे लांबतो काय? मनुष्य आपली वेदना चुकीची सांगू शकतो. आपण जिवंत आहोत की नाही याबाबत त्याची जबानी घ्यावी लागत नाही. (श्रद्धेचीही परीक्षा बायपासच्याच रुग्णांवर झालेली आहे. १,८०२ रुग्णांच्या त्या प्रयोगाचा निकाल २००६ साली आला, आणि आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती पण ज्यांना तसे निश्चित सांगितले नव्हते, त्यांच्यात ५२ टक्क्यांना. मनाच्या प्रभावावर भिस्त ठेवणाऱ्यांनी यावर सवडीने विचार करावा.)

मेंदूचा आक्षेप लवकर निकालात निघतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा २००१ चा अहवाल सांगतो की पाच वर्षांनी ४२ टक्के रुग्णांची बौद्धिक क्षमता घटलेली आढळली. पण शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरोग्यांची घटली नव्हती काय? तो तुलनेचा गट त्या अहवालात नव्हता. पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी तो घेतला, आणि शस्त्रक्रिया न करताही तशाच रोहिण्या असलेल्यांची बुद्धी सहा वर्षांत जवळपास तितकीच उतरलेली निघाली. रोग सर्वांगाचा आहे. दोष मात्र यंत्राला.

शिरा बुजतात, हे खरे. पायाची शीर ही मंद, हलक्या दाबाच्या रक्ताची वाट. तिच्या आतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात म्हणून ती उलटी करून जोडावी लागते, आणि जोडल्या क्षणापासून तिच्या पातळ भिंतीला महारोहिणीचा दाब सोसावा लागतो. ती थकणार नाही तर काय होईल? तीन हजारांवर रुग्णांच्या एका परीक्षेत तपासणी झालेल्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांची निदान एक शीर दीड वर्षाच्या आत निकामी झालेली दिसली. परंतु छातीच्या हाडामागे जी रोहिणी खाली उतरते, तिचे वरचे टोक जागच्या जागी ठेवून खालचे टोक सोडवून घेतात आणि केसाहून बारीक धाग्याने हृदयाच्या पुढच्या मोठ्या रोहिणीवर शिवतात. ही जोडणी दहा वर्षांनीही बहुसंख्य रुग्णांत वाहती राहते. क्लीव्हलँडच्या शल्यविशारदांनी १९८६ सालीच दाखवून दिले की ही रोहिणी ज्यांना जोडली ते अधिक जगले. ज्या जुन्या परीक्षांवर आमचे गृहस्थ सारा इमला उभारतात, त्यांत ही रोहिणी जेमतेम दहांतल्या एका रुग्णाला जोडली गेली होती. यावरून काहींना वाटले की एक रोहिणी चांगली तर दोन दुप्पट चांगल्या, आणि ३,१०२ रुग्णांच्या परीक्षेने दहा वर्षांनी सांगितले की नाही: २०.३ आणि २१.२ टक्के मृत्यू, फरक नाही. हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयावर बायपास करतो अशी जाहिरात आपल्याकडे मोठ्या अक्षरांत होते. ४,७५२ रुग्णांच्या परीक्षेत पाच वर्षांनी त्या पद्धतीनेही फरक पडलेला दिसला नाही. शल्यविशारदांचा उत्साह ज्या संशोधनाने असा वेळोवेळी जमिनीवर आणला, तेच संशोधन बायपासच्या बाजूने बोलू लागले की मात्र विकले गेलेले ठरते!

राहिला धंदा. धंदा आहे. यूजीन ब्राउनवाल्ड यांच्यासारख्या हृदयरोगतज्ज्ञाने १९७७ सालीच अग्रलेख लिहून बजावले होते की या शस्त्रक्रियेभोवती एक उद्योग उभा राहत आहे आणि जितका विलंब होईल तितके त्याला आवर घालणे कठीण जाईल. इशारा योग्य होता. पण धंदा एकाच बाजूला आहे काय? ‘बायपास टाळा’ असे लाल अक्षरांत छापून वर्तमानपत्राच्या घडीत घालून घरोघरी पोचवली जाणारी पत्रके धर्मादाय असतात काय? शिरेतून औषध सोडून रोहिण्यांतला चुना विरघळवण्याचे जे उपचार या पत्रकांत असतात, त्यांची एक परीक्षा थोडी अनुकूल निघाली, म्हणून मधुमेही रुग्णांवर दुसरी मोठी परीक्षा घेतली गेली. २०२४ साली तिचा निकाल लागला, फरक शून्य. ती पत्रके थांबल्याचे मी तरी पाहिलेले नाही. धंद्याला वेसण घालण्याची रीत न्यूयॉर्क राज्याने दाखवली. १९८९ पासून त्यांनी प्रत्येक रुग्णालयाच्या बायपासचे मृत्यू, रुग्णांची प्रकृती किती बिकट होती हे जमेस धरून, मोजायला आरंभ केला आणि पुढे ते आकडे छापले. रुग्णालयनिहाय दिले, शल्यविशारदनिहाय मिळावेत म्हणून एका वर्तमानपत्राला न्यायालयात जावे लागले. मृत्यूचे प्रमाण १९८९ च्या ४.१७ टक्क्यांवरून १९९२ पर्यंत २.४५ वर आले. शल्यविशारद बिकट रुग्ण टाळू लागले, असा आरोप झाला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. तरीही आकडा उघड्यावर आला. आमच्या संशयवाद्यांना धंद्याची खरीच चीड असेल तर त्यांनी आपल्या शहरातल्या रुग्णालयाच्या दारात जाऊन हा आकडा मागावा. सरकारी योजनांच्या पैशातून या राज्यात बायपास होतात. त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब, कोणत्या रुग्णालयात किती आणि त्यांतले किती दगावले, चारचौघांत टांगला जावा यासाठी अर्ज करावा, मोर्चा काढावा. मी त्यांच्या मागे चालायला तयार आहे. पण हा अर्ज कोणी करीत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या कानाशी लागणे अधिक सोपे आहे.

ज्याच्या एकाच लहान रोहिणीत अडथळा आहे आणि ज्याची कळ गोळ्यांनी आटोक्यात आहे, त्याने खुशाल गोळ्या घ्याव्यात. त्याला टेबलावर ओढणारा डॉक्टर दोषी आहे, आणि हेही संशोधनानेच सांगितले आहे. परंतु ज्याच्या लेफ्ट मेनमध्ये मोठा अडथळा आहे, किंवा ज्याचे हृदय रोहिण्यांच्या रोगाने दुबळे झाले आहे, त्याला नुसत्या गोळ्यांपेक्षा बायपासने अधिक आयुष्य मिळते. आणि ज्याला मधुमेह असून अनेक रोहिण्या रोगग्रस्त आहेत, त्याला स्टेंटपेक्षा बायपासने अधिक मिळते. यांपैकी कोणालाही संशोधनाच्या नावाने परावृत्त करू पाहणाऱ्याने मुखत्यारपत्र घेतल्यासारखे बोलण्यापूर्वी एक दस्तऐवज हजर करावा: ज्यात लेफ्ट मेनचे किंवा दुबळ्या हृदयाचे रुग्ण घेतले, त्यांची वाटणी चिठ्ठ्यांनी केली, दहा वर्षे त्यांची हजेरी मांडली, आणि नुसत्या गोळ्यांवर राहिलेले तितकेच जगले. पन्नास वर्षांच्या दफ्तरात असा एकही कागद नाही.